अकलूजची इटालियन सून

परवा मित्राच्या नव्या फ्लॅटवर पार्टी होती. कोरी करकरीत बाल्कनी, घरचं मटण आणि अकलूजची सांजोवेझे. मी पहिला घोट घेतला आणि एक्स्पर्टच्या थाटात म्हणाले, ''ठीक आहे, पण किआन्तीची मजा नाही.'' इटलीत एकदाही पाऊल न टाकता!

मित्र पंढरपूरकडचा, घरी द्राक्षबाग. त्याचा चेहराच पडला. म्हणाला, ''अगं, आमच्याकडे वेलीला झोपसुद्धा मिळत नाही, माहितीये?''

नव्हतं माहीत. तुम्हालाही नसेल, तर ऐका. सांजोवेझे हे इटलीतल्या टस्कनीचं लाडकं काळं द्राक्ष. किआन्तीत ते किमान ७० टक्के लागतंच आणि ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो तर १०० टक्के त्याचीच. तिकडे थंडीत वेल पानं गाळून चक्क झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते.

सोलापूर जिल्ह्यात तशी थंडी कुठली? मग वेलीचं कॅलेंडर शेतकरीच ठरवतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या तयार होतात. पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. ऐन पावसात घड पिकले तर ते कुजणार, म्हणून हा उलटा संसार. वर्षाला दोन छाटण्या, रजा शून्य. आपलं ऑफिस आठवलं ना?

उसासाठी ओळखल्या जाणाऱ्या अकलूजला हे द्राक्ष आणलं फ्रातेल्लीने. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतले भाऊ २००७ मध्ये एकत्र आले. सोबतीला टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी. इथली सांजोवेझे एकटीही बाटलीत उतरली आणि 'सेत्ते'मध्ये काबर्ने सोविन्योंच्या जोडीनेही.

हे सगळं ऐकून दुसरा घोट घेतला, या वेळी तोंड बंद ठेवून. आंबटसर चेरी, मागून हलका तुरटपणा. चांगली होती की!

दोन टिप्स. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ती रूम युरोपातली. आपल्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि झणझणीत रश्श्याबरोबर नको, तुरटपणा आणि अल्कोहोल तिखट आणखी पेटवतात. बेताचं तिखट सुकं मटण किंवा टोमॅटो सॉसचा पास्ता बेस्ट.

सासरी राबणाऱ्या मुलीला रोज माहेरचे दाखले देऊ नयेत, हे आपल्याला कळतं. वाइनच्या बाबतीत मात्र विसरतो.

निघताना मित्राला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, ''सॉरी नको, जानेवारीत बागेत ये. पहाटे. तोडणीला.''

जातेय. येताय?