रोग रेड्याला, डाग पखालीला!

मोठ्या नोटा रद्द केल्या की काळा पैसा मरतो, ही भाबडी श्रद्धा या देशात तीनदा कसोटीला लागली. १९४६ साली पाचशे, हजार व दहा हजारांच्या, तर १९७८ साली हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा बाद झाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटांवर तीच कुऱ्हाड कोसळली. निष्पत्ती काय? बाद झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी बँकांत परत आले, असे खुद्द रिझर्व्ह बँकेनेच नमूद केले. मग बुडावयाचे ते काळे धन गेले कोठे?

करचुकवा धनिक आपली सारी माया गादीत शिवून ठेवीत नाही. ती जमिनीत, सोन्यात व बेनामी व्यवहारांत मुरलेली असते. रांगेत तिष्ठला तो मजूर, भाजीवाली आणि रोखीवर जगणारा लहान दुकानदार. मोठी नोट लाचखोराला सोयीची असते, हे आम्हांस मान्य आहे. पण मग हजाराची रद्द करून दोन हजारांची काढण्यात कोणते शहाणपण होते? तीही १९ मे २०२३ रोजी मागे घेण्याची पाळी आलीच ना!

जमिनीचे व्यवहार उजेडात आणा, करबुडव्यांचे खटले वेळेत निकालात काढा, राजकीय पक्षांच्या तिजोऱ्यांचा हिशेब जनतेपुढे मांडा. तेवढी छाती नसेल, तर गरिबाच्या कनवटीला हात घालू नका!