सोबत कोण आहे?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आई-वडिलांचे नाव नोंदवताना वय, पत्ता, रक्तदाब, साखर यांच्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो: ‘सोबत कोण आहे?’ घरचे त्या दिवशी जो मोकळा असेल त्याचे नाव सांगतात. कधी पुतण्या, कधी शेजारचा मुलगा, कधी कॉलेज बुडवून आलेली नात. शस्त्रक्रिया होते, काळा चष्मा लावून माणूस घरी येतो आणि सोबतीचे काम संपले असे सगळे धरून चालतात. खरे तर निम्म्याहून जास्त काम अजून बाकी असते. शस्त्रक्रिया साधारण वीस मिनिटांची. म्हाताऱ्या माणसाला शेवटी किती दिसेल, हे त्याआधीच्या काही महिन्यांत आणि नंतरच्या सहा आठवड्यांतही ठरते, आणि तो काळ बराचसा घराच्या हातात असतो.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधील ६६ टक्के अंधत्वामागे मोतीबिंदू हेच कारण आढळले. म्हणजे ज्यांना दिसत नाही, त्यांतल्या दर तिघांपैकी दोघांची दृष्टी बहुधा परत आणता आली असती. उपचार दूर आहेत, असेही सातारा-सांगलीच्या बाबतीत म्हणता येत नाही. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिरजेला तर १८९४ साली सुरू झालेल्या मिशन हॉस्पिटलपासून वैद्यकीय सेवेची परंपरा आहे. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. तरीही गावोगावी ओट्यावर बसून आवाजावरून माणसे ओळखणारी म्हातारी माणसे दिसतात.

याचे पहिले कारण म्हणजे घरातले पंचांग. ऊस तुटून गेला की बघू. जत्रा झाली की बघू. पोरीचे लग्न उरकू दे, पाऊस उघडू दे, थंडी पडू दे. उन्हाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन करू नये ही समजूत अजून घट्ट आहे. पूर्वी मोठा छेद घेऊन टाके घालत, तेव्हा घामाची आणि धुळीची धास्ती समजण्यासारखी होती. आज फेको पद्धतीत छेद जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा असतो. लहान छेदाच्या दुसऱ्या पद्धतीत तो सहा-सात मिलिमीटरचा असतो, पण त्यालाही सहसा टाका लागत नाही. त्यामुळे कोणताही ऋतू चालतो.

दुसरी समजूत त्याहून महागात पडते: ‘मोतीबिंदू पिकू दे, मग काढू.’ मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. जितके थांबावे तितके ते कडक होते आणि कडक भिंग फोडून काढताना डोळ्याला इजा होण्याचा धोका वाढतो. फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब अचानक वाढू शकतो. मग असह्य वेदना होतात आणि कधी दृष्टी कायमची जाते. रोजची कामे अडू लागली, म्हणजे भाकरी करपलेली कळेना, एसटीची पाटी वाचता येईना, पायरीचा अंदाज चुकू लागला, की वेळ झाली असे समजावे. थेंब, मध किंवा कांद्याचा रस घालून मोतीबिंदू विरघळत नाही. उलट डोळ्याला जखम मात्र होते. आणि लोक ज्याला ‘लेसरचं ऑपरेशन’ म्हणतात, त्या फेकोत सहसा लेसर नसतो. ध्वनिलहरींनी भिंग फोडून ते शोषून घेतले जाते.

तिसरे कारण भीती, आणि ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. आज पंचाहत्तरीत असलेल्यांनी आपल्या आई-वडिलांची ऑपरेशने पाहिली आहेत. शाळेच्या वर्गात भरलेले शिबिर, कित्येक दिवस हलायचे नाही अशी ताकीद, शेवटी नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तेव्हा गढूळ भिंग काढून टाकत, आत कृत्रिम भिंग बसवत नसत. कृत्रिम भिंगाचा पहिला प्रयोग लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली केला, पण आपल्या खेड्यांपर्यंत ते पोहोचायला पुढची कित्येक दशके गेली. ‘काही होत नाही गं आई’ एवढ्यावर ही आठवण पुसली जात नाही. आता काय बदलले आहे, ते बसून सांगावे लागते. शिबिरात तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात. भूल बहुतेक वेळा फक्त डोळ्यापुरती असते आणि माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. गावात नुकतेच ऑपरेशन झालेल्या एखाद्या समवयस्काशी आईची गाठ घालून द्यावी. मुलांच्या दहा वाक्यांपेक्षा तिचे एक वाक्य जास्त पटते.

टाळाटाळीत आया पुढे असतात, कारण आपल्यामुळे घराचा खोळंबा नको असे त्यांना वाटते. ‘मला काय वाचायचंय आता?’ या त्यांच्या प्रश्नाला चांगले उत्तर आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांच्यात पडण्याचे प्रमाण थांबलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते. हाड मोडण्याचे प्रकारही कमी झाले. खुब्याचे हाड मोडलेल्या म्हातारपणाचा खर्च आणि यातना ज्या घराने पाहिल्या आहेत, त्याला हा हिशोब वेगळा समजावून सांगायला नको.

शस्त्रक्रियेआधी सोबत्याचे काम एकच: डॉक्टरांना सगळे खरे सांगणे. चालू असलेल्या गोळ्यांच्या पाकिटांची पिशवीच बरोबर न्यावी. वडिलांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतले असेल, तर ते आवर्जून सांगावे. या औषधाने डोळ्यातला पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी ढिला पडतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर तयारी करून ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणावी आणि डोळ्याचा मागचा पडदाही तपासून घ्यावा. तो खराब असेल तर नवे भिंग बसवूनही अपेक्षेइतके दिसत नाही, आणि मग दोष शस्त्रक्रियेला दिला जातो.

खासगी रुग्णालयात भिंग निवडायची वेळ येते, तेव्हा लांब राहणारी मुले फोनवरून ‘सगळ्यात भारीतलं घाला’ म्हणतात. या वाक्यात प्रेम असते आणि थोडी अपराधी भावनाही. साध्या भिंगाने लांबचे स्वच्छ दिसते, वाचायला चष्मा लागतो. महागड्या मल्टिफोकल भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, आणि मागचा पडदा खराब असेल तर ते सहसा सुचवले जात नाही. आईला दिवसभर काय करायचे आहे, हे आधी आईलाच विचारावे. तिला तांदूळ निवडायला आणि पोथी वाचायला चष्मा लावणे मान्य असेल, तर साधे भिंग तिच्यासाठी कमी प्रतीचे ठरत नाही.

यानंतर खरी सोबत लागते ती थेंबांसाठी. सुरुवातीला दिवसातून अनेकदा आणि मग आठवड्यागणिक कमी करत हे थेंब साधारण चार ते सहा आठवडे घालायचे असतात. दोन बाटल्या असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. आधी हात साबणाने धुवावेत आणि बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. थरथरत्या हाताने, धूसर डोळ्याने, आरशाशिवाय हे एकट्याने करणे किती अवघड आहे, ते धडधाकट माणसाने स्वतः करून पाहावे. पहिले काही दिवस डोक्यावरून पाणी घेणे, चुलीचा धूर, शेणाचे काम, जड उचलणे आणि डोळा चोळणे टाळायचे असते. यातले कोणते बंधन किती दिवस पाळायचे, ते डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्यावे.

थोडे टोचणे, पाणी येणे चालते. पण डोळा दुखू लागला, लाली वाढली, पू आला किंवा आधी दिसत होते ते कमी झाले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तासातासाला फरक पडतो. ‘आत्ता कुठं त्यांना फोन करायचा’ म्हणून गप्प बसलेली आई इथे डोळा गमावू शकते. तिला रोज विचारणारे कोणीतरी हवे.

आणि नेमके हेच या दोन जिल्ह्यांत अवघड आहे. १९४९ पर्यंत सातारा जिल्हा एकच होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. नावे बदलली, पण घर सोडून पोटामागे जाण्याची रीत दोन्हीकडे तीच राहिली. पाटण-जावळीतली माणसे माथाडी कामाला मुंबईत. विटा-आटपाडीकडची गलाईच्या धंद्यात देशभर. नवी पिढी पुण्यात, त्याहून लांब परदेशात. गावी राहिलेले दोघेही सत्तरीचे, आणि एकाच्या डोळ्यात थेंब घालणाऱ्या दुसऱ्यालाही कमीच दिसते. पैसे पाठवून हे सुटत नाही. निदान पहिला आठवडा एका मुलाने किंवा मुलीने येऊन राहावे. पुढच्या दिवसांसाठी गावातले एक माणूस नेमावे आणि त्याच्याशी रोज ठरलेल्या वेळी बोलावे. सारा भार सुनेवर टाकून मुलाने मोकळे होऊ नये. आपल्या वडिलांच्या डोळ्यात थेंब घालणे कोणत्याही मुलाला जमते.

व्यवस्थेनेही एक गोष्ट बदलायला हवी. शिबिरांच्या बातम्यांत ‘इतक्या शस्त्रक्रिया झाल्या’ असा आकडा असतो. त्यातल्या किती जणांना नीट दिसू लागले, हे छापून येत नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेने २०३० साठी ठेवलेल्या उद्दिष्टात किती गरजूंची शस्त्रक्रिया झाली एवढेच मोजलेले नाही, त्यानंतर पुरेशी दृष्टी आली का, तेही मोजले आहे. हा आकडा तालुक्या-तालुक्यातून यायला हवा. थेंबांचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत, मराठीत हातात पडायला हवे, आणि एकट्या राहणाऱ्या रुग्णाच्या घरी पहिल्या आठवड्यात आशाताईंची एक फेरी ठरलेली हवी. याला फार मोठा पैसा लागत नाही.

चार-सहा आठवड्यांनी चष्म्याचा नंबर काढला जातो. तेव्हाच दुसऱ्या डोळ्याविषयी विचारून घ्यावे, कारण एकाने दिसू लागले की तो डोळा वर्षानुवर्षे राहून जातो. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर वाटले, तर मोतीबिंदू परत आला असे नसते. भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते आणि ती काही मिनिटांत लेसरने साफ होते. इथे मात्र लेसर खरोखरच वापरतात. त्या तपासणीलाही पुन्हा कोणीतरी बरोबर जावे लागेल. ते कोण जाणार, हे घरात आजच ठरलेले बरे.