प्रयोगशाळा जनक सांगते, बाप नव्हे

"डीएनए करून टाका, दूध का दूध होऊन जाईल." नवरा-बायकोच्या भांडणात हे वाक्य आता आमच्या वरोऱ्यातही सर्रास ऐकू येतं. समेटासाठी बसलेली वडीलधारी मंडळीही माना डोलावतात. ज्या लेकराबद्दल हे बोललं जातं, त्याला काय वाटेल याची फिकीर कुणालाच नसते. माझा विरोध या वाक्याला आहे, विज्ञानाला नाही.

आधी प्रयोगशाळा काय करते ते समजून घेऊ. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, किंवा रक्ताचे थेंब घेतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलतं. अशी वीसेक ठिकाणं तपासतात. प्रत्येक ठिकाणी मुलाकडे दोन आकडे असतात. त्यातला आईकडून आलेला बाजूला काढला, की उरलेला त्या पुरुषाकडे सापडायला हवा. अनेक ठिकाणी तो सापडला नाही, तर तो पुरुष जनक नाही. सगळीकडे सापडला, तर शक्यता ९९.९९ टक्क्यांच्या वर सांगतात. पण दुसरा संशयित त्याचाच सख्खा भाऊ असेल, तर हिशेब वेगळा मांडावा लागतो. आणि नमुना कुणाचा, हेच पक्कं नसेल तर सगळे आकडे फोल. म्हणून न्यायालयाच्या कामात ओळख पटवून, सह्या घेऊन, सीलबंद नमुना जातो. झोपलेल्या लेकराचे केस चोरून कुरिअरने पाठवणं म्हणजे पुरावा नव्हे.

डीएनएचा आग्रह धरणारे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ जानेवारी २०१४ च्या निकालाकडे बोट दाखवतात. त्या खटल्यातलं लग्न १९९० साली आपल्या चंद्रपुरात झालं होतं. वाद मुलीच्या पोटगीचा होता. आधी नागपूरच्या आणि मग हैदराबादच्या प्रयोगशाळेने सांगितलं, की नवरा जनक नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानतं. तरी न्यायालयाने विज्ञानाला वरचढ ठरवलं. मात्र तिथे तपासणी आधीच झालेली होती. ती कधी करायला लावावी, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर २० फेब्रुवारी २०२३ ला आलं. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या त्या प्रकरणात पत्नीवर व्यभिचाराचा आरोप होता, आणि तो सिद्ध करायला मुलाची तपासणी मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. आई-बापाच्या लढाईत मुलाला प्यादं करता येणार नाही, हा त्या निकालाचा सार. जुनं कलम ११२ आज भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११६ म्हणून कायम आहे.

आपल्या मोहल्ल्यातल्या भावांना तर हे नवं वाटायलाच नको. निकाहात जन्मलेलं मूल नवऱ्याचं, हा फिकहचा जुना कायदा. सूरह नूरमध्ये पाकदामन बाईवर तोहमत लावून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटके सांगितले आहेत. नवऱ्याला खरंच नाकारायचं असेल, तर लिआन आहे: काझीसमोर, अल्लाहची शपथ घेऊन, खोटं असेल तर स्वतःवर लानत ओढवून. चोरून केस पाठवण्याइतकं ते सोपं ठेवलेलं नाही. मक्केच्या फिकह अकादमीने २००२ मध्ये डीएनएवर विचार केला, तेव्हाही साबित झालेला नसब पडताळायला ही तपासणी नाकारली. दवाखान्यात बाळांची अदलाबदल झाली, अपघातात किंवा युद्धात ओळख हरवली, तर मात्र मुभा दिली.

माझ्या मते मेख इथेच आहे. १९८५ साली इंग्लंडमध्ये अॅलेक जेफ्रीज यांनी नातं ठरवायला हे तंत्र पहिल्यांदा वापरलं, ते घानाहून परतलेला मुलगा आपल्या आईचाच आहे हे दाखवण्यासाठी. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या विमान अपघातानंतर नातेवाइकांच्या नमुन्यांवरूनच मय्यती ओळखल्या गेल्या. पोरीला फसवून हात वर करणाऱ्या माणसाला जबाबदारी पत्करायला लावायलाही ही तपासणी हवीच. तुटलेलं जोडायला हे हत्यार वापरा, मी सोबत आहे. जोडलेलं तोडायला उचलाल, तर नाही.

आणि वरोऱ्यात राहून रक्ताचा एवढा टेंभा मिरवावा? रक्ताच्या माणसांनी कुष्ठरोग झाला म्हणून ज्यांना घराबाहेर काढलं, त्यांचं घर बाबा आमट्यांनी इथेच, आनंदवनात उभं केलं. त्या रक्ताची तपासणी केली असती, तर अहवाल अगदी बरोबर आला असता.

म्हणून समेटाला बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी कुणी "डीएनए करा" म्हणालं, तर माना डोलावू नका. त्याला विचारा: आजवर या लेकराला अब्बू म्हणू दिलंत, शाळेत नाव दिलंत, अहवाल आल्यावर ते कुणाला हाक मारणार? उत्तर नसेल, तर त्याला गप्प बसवा.