शिवनेरीचा श, लेण्याद्रीचा ल

येडगाव ज्या जुन्नर तालुक्यात आहे, तिथे शिवनेरी आणि लेण्याद्री ही नावे पोरासोरांच्या तोंडी असतात. एकाची सुरुवात देठयुक्त श ने, दुसऱ्याची पाकळीयुक्त ल ने. येडगावसारख्या गावात शाळेचा संगणक लिनक्सवर बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने ही दोन नावे आणि ‘ऱ्या’ या जोडाक्षरासाठी ‘पायऱ्या’ हा शब्द आधी टंकून पाहावा. श आणि ल अनेकदा हिंदी वळणाचे उमटतात. मग नवा फॉन्ट शोधण्याची धावपळ सुरू होते.

ती बहुधा अनाठायी असते. लोहित हा फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला आणि रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली आणला. आजच्या लोहित देवनागरीत आणि नोटो सान्स देवनागरीतही मराठी रूपे आहेतच. पण मजकूर मराठी आहे हे अक्षरजुळणी करणाऱ्या हार्फबझला कोणी सांगितले, तरच ती पडद्यावर येतात. संगणकाची भाषा इंग्रजी असेल, तर जीटीके प्रणालींमागचा पँगो देवनागरी मजकूर हिंदी धरून चालतो. पँगोच्या भाषेच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये इंग्रजीमागोमाग मराठीचा संकेत लिहिला, की मेनू इंग्रजीच राहतात आणि श मराठी होतो. एका ओळीचे काम आहे, आणि ते टाळण्याला सबब नाही. लिबरऑफिसमध्ये मात्र दस्तऐवजाची भाषा वेगळी नेमावी लागते.

मराठीसाठी प्रत्यक्षात कोणता फॉन्ट निवडला जातो, हे ‘एफसी-मॅच’ ही आज्ञा लगेच दाखवते.

हिंटिंगचा, म्हणजे अक्षरे पिक्सेलांना जुळवून घेण्याचा, प्रश्न जुन्या, कमी रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर जास्त जाणवतो, आणि शाळांत असे मॉनिटर अजून आहेत. तिथे ‘स्लाइट’ ही पातळी ठेवावी. तिच्यात अक्षरे फक्त उभ्या दिशेने पिक्सेलच्या जाळीला जुळवली जातात, रुंदीला धक्का लागत नाही. फ्रीटाइपचे स्वयंहिंटिंग देवनागरीची शिरोरेषा ओळखते, त्यामुळे ती धूसर पट्ट्याऐवजी नेटकी, सलग दिसते. हिंटिंग पूर्ण बंद केल्यास लहान आकारात तीच रेघ दोन पिक्सेलांत विभागून फिकी पडते. दिवसभर पडद्यावर वाचणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना हा फरक सोसावा लागतो.

भाषेची आणि हिंटिंगची ही जुळणी एका वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात ठेवू नये. शाळेतल्या एकाच यंत्रावर पाचवीचे आणि दहावीचे विद्यार्थी वेगवेगळ्या खात्यांतून बसतात. म्हणून फॉन्टची निवड आणि हिंटिंग ठरवणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या सूचना ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मधल्या ‘लोकल.कॉन्फ’मध्ये आणि भाषेची ओळ ‘ईटीसी’मधल्याच ‘एन्व्हायर्नमेंट’ फाइलीत लिहावी.