विश्लेषण : एक टक्का ‘उतारा’ वाढला तर काय होते? चिंचोळीच्या रसायन कारखान्यांचे गणित

सोलापूर जिल्ह्यात ‘उतारा’ हा शब्द नवा नाही. 2025-26 च्या गाळप हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी ठरवली. त्यापुढे प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जास्त मिळतात. सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीतील रसायन उद्योगाचा नफा-तोटाही अशाच उताऱ्यावर ठरतो. तिथे त्याला ‘यील्ड’ म्हणतात.

चिंचोळीत काय बनते?

सोलापूरस्थित बालाजी अमाइन्स या कंपनीचे तामलवाडीबरोबरच चिंचोळीतही कारखाने आहेत. अमाइन्स ही अमोनियापासून तयार होणारी रसायने औषधे, कीटकनाशके आणि रंग उद्योगाला लागतात. मधुमेहाच्या रुग्णांना दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी बनवण्यासाठी डायमिथाइलअमाइन लागते.

यील्ड कशी मोजतात?

मिथेनॉल आणि अमोनियाची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून नेली की मिथाइलअमाइन्स तयार होतात. कागदावरील हिशेबानुसार 64 किलो मिथेनॉल आणि 17 किलो अमोनियापासून 45 किलो डायमिथाइलअमाइन आणि 36 किलो पाणी मिळायला हवे. म्हणजे एक टन मालाला सुमारे 1,422 किलो मिथेनॉल.

प्रत्यक्षात थोडे मिथेनॉल तसेच राहते, थोडे नको त्या पदार्थात जाते. 100 पैकी 98 भाग मिथेनॉल वापरले गेले आणि त्यातील 97 टक्के हव्या त्या मालात गेले, तर यील्ड सुमारे 95 टक्के. ती 96 वर नेली तर टनामागे साधारण 15 किलो मिथेनॉल वाचते. रोज 50 टन माल काढणाऱ्या कारखान्यात ही बचत दिवसाला पाऊण टनाहून अधिक होते.

अडचण कुठे येते?

या अभिक्रियेत मोनो, डाय आणि ट्राय असे तिन्ही मिथाइलअमाइन एकत्र निघतात. अभिक्रिया समतोलापर्यंत गेली तर ट्राय जास्त तयार होते. बाजारात मागणी मात्र डायला अधिक. त्यामुळे जास्तीचे ट्राय पुन्हा रिअॅक्टरमध्ये सोडले जाते. माल वाया जात नाही, पण प्रत्येक फेरीला वाफ आणि वीज लागते. म्हणूनच नुसती यील्ड पाहून भागत नाही, ती किती इंधन जाळून मिळाली हेही पाहावे लागते.

‘रिलेटिव्ह गेन’ म्हणजे काय?

तिन्ही अमाइन्स वेगळी करण्यासाठी उंच डिस्टिलेशन कॉलम असतात. वरच्या मालाची शुद्धता राखायला रिफ्लक्सचा व्हॉल्व्ह, खालच्या मालासाठी वाफेचा. पण एक व्हॉल्व्ह हलवला की दोन्ही टोकांवर परिणाम होतो. मग कोणत्या व्हॉल्व्हने काय सांभाळायचे? त्यासाठी एडगर ब्रिस्टल यांनी 1966 मध्ये एक सोपे माप सुचवले.

आधी दुसरा व्हॉल्व्ह स्थिर ठेवून पहिल्याचा परिणाम मोजायचा. मग दुसरे नियंत्रण स्वयंचलित ठेवून तोच परिणाम पुन्हा मोजायचा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की मिळतो रिलेटिव्ह गेन. समजा, शुद्धता आधी 2 अंकांनी बदलली आणि नंतर फक्त 1 ने, तर उत्तर 2. उत्तर 1 च्या जवळ असेल तर जोडी योग्य. फार मोठे आले तर दोन्ही नियंत्रणे एकमेकांशी भांडतात. उणे आले तर ती जोडी टाळलेलीच बरी, कारण दुसरे नियंत्रण सुरू होताच पहिल्या व्हॉल्व्हचा परिणाम उलट्या दिशेने होतो.

कॉलम असा हेलकावे खाऊ लागला की ऑपरेटर सुरक्षित राहण्यासाठी वाफ वाढवून गरजेपेक्षा शुद्ध माल काढतात. इंधनाचा खर्च वाढतो. माल खालून निसटला तर तो सांडपाण्यात जातो आणि शुद्धीकरणाचा भार वाढतो.

आत्ता हे महत्त्वाचे का?

भारत मिथेनॉलची बहुतांश गरज आयातीतून भागवतो आणि त्यातले बरेचसे पश्चिम आशियातून येते. जून 2025 मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला तेव्हा हा पुरवठा किती नाजूक आहे हे दिसले. मिथेनॉलचा दर आखातात ठरतो आणि तयार मालाला स्वस्त आयातीशी स्पर्धा करावी लागते. या दोन्हींवर चिंचोळीचा ताबा नाही. एका टनातून किती माल काढायचा, हे मात्र इथल्या कंट्रोल रूममध्ये ठरते.