हुकूम कंपनीचा, तोटा 'स्वतंत्र' शेतकऱ्याचा



ज्यांच्या विहिरीला थोडेफार पाणी आहे आणि ज्यांनी कपाशीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट घेतला आहे, त्यांनी कंपनीचा करार एकदा पेटीतून काढून वाचावा. त्यात तुम्ही 'उत्पादक' असता. म्हणजे स्वतंत्र धंदेवाले. कंपनी नुसते गिऱ्हाईक.

आता शिवारात काय चालते? नर-मादीचे बियाणे कंपनीचे. लावणीची तारीख, ओळींचे प्रमाण, शेजारच्या कपाशीपासूनचे अंतर, कोणते औषध फवारायचे, कळीतले पुंकेसर संध्याकाळी कधी काढायचे, सकाळी पराग कधी लावायचा, सारे कंपनीचा माणूस सांगतो. त्याने भेसळीचे म्हणून दाखवलेले झाड मुकाट्याने उपटायचे. सरकी दुसऱ्या कोणाला विकायची नाही. आणि शुद्धतेच्या चाचणीत माल नापास झाला, की बुडाला तो स्वतंत्र उत्पादक!

हा पेच नवा नाही. सौराष्ट्रात ध्रांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीची मिठागरे होती. तेथे मीठ पिकवणारे अगरिया पावसाळ्यात गावी शेती करीत आणि पावसाळा संपला की मिठागरावर येत. कंपनी प्रत्येकाला वाफा नेमून देई आणि सुरुवातीच्या खर्चाला ४०० रुपये उचल देई. ती हंगामाअखेर हिशेबात कापली जाई. मोबदला मणामागे ५ आणे ६ पै. हजेरीपट नाही, कामाचे तास नाहीत. अगरिया बायकापोरांसह राबे, वर स्वतःच्या खर्चाने मजूरही लावी. पण मिठाची तपासणी कंपनी करी, आणि नापसंत मीठसुद्धा त्याला बाहेर विकता येत नसे.

कंपनी म्हणाली, हे ठेकेदार आहेत. १९५६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, हे कामगार आहेत. काम कसे करावे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि माणूस स्वतःच्या हातांनी राबतो की नाही, हे कोर्टाने पाहिले. मदतीला चार मजूर लावल्याने तो ठेकेदार ठरला नाही.

कोर्ट दरवेळी असेच बोलते असे मात्र नाही. नागपूरच्या कारखान्यातले विडी वळणारे १९६० साली कामगार ठरले. १९६१ साली महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या कारखान्यातला विडीवाला ठरला नाही, कारण त्याच्या येण्याजाण्यावर बंधन नव्हते. अखेर १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि घरी विडी वळणारेही त्यात आले.

आपण प्लॉटवाले अगरिया आहोत का? सरळ तसे म्हणता येणार नाही. त्यांची मिठागराची जमीन कंपनीच्या ताब्यातली होती, आपली जमीन आपल्या सातबाऱ्यावर आहे. आणि खरे सांगायचे तर आपल्याला कंपनीचा नोकर व्हायचेही नाही. कृषी पदवी घेतलेला माणूस म्हणून मला हेही कळते, की अंतर पाळल्याशिवाय आणि भेसळ काढल्याशिवाय शुद्ध बी निघत नाही. त्या सूचनांशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते सोयीच्या दुतोंडीपणाशी. धंदेवाला म्हणता, तर भाव ठरवताना मला समोर बसवा आणि नापास माल मला हवा तेथे सरकी म्हणून विकू द्या. हुकूम तुमचाच चालायचा असेल, तर तुमच्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे काम करूनही माल नापास झाला, तेव्हा निदान फुलांवर लावलेल्या मजुरीचा खर्च तुम्ही भरा.

(आणि घरचेही पाहू. किलोवर कापूस वेचणारी बाई आपल्याच हुकुमाने तासात शिरते. तिला 'गुत्तेदार' म्हणून मोकळे होऊ नये.)

जिल्हा बैठकीला येताना कराराची नक्कल, चाचणीचा निकाल आणि कंपनीच्या माणसाने प्लॉटवर लिहून दिलेल्या सूचनांच्या चिठ्ठ्या घेऊन या. चिठ्ठी दिली नसेल, तर तो आला ती तारीख आणि त्याने काय सांगितले ते वहीत टिपून ठेवा. हुकूम कोणाचा होता हे दाखवायला तेवढाच पुरावा आपल्या हाती राहतो.