तोरणमाळला एक प्लॉट

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, तोरणमाळला एखादा प्लॉट बघा ना." पावसाळ्यात मित्रांबरोबर येऊन गेला, तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. यशवंत तलाव, सीताखाईतून वर येणारं धुकं, सातपायरीचा घाट, भुरळ कुणालाही पडेल. पण याला पडली ती हिशोबाची. चार खोल्या बांधायच्या, 'एअरबीएनबी'वर टाकायच्या, खोलीला रात्रीचे तीन हजार. आपण पुण्यात बसायचं, पैसे खात्यात जमा.

मी म्हटलं, बाबा रे, पावसाळ्यातल्या शनिवारी खोल्या भरतील, पण साध्या मंगळवारी काय करशील? महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला लोटते ती गर्दी तीन हजार देणारी नव्हे, ती उघड्यावर निजते. पण हा मुद्दा दुय्यम. खरी गोष्ट पुढे आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत शंभरातले जवळजवळ सत्तर लोक आदिवासी होते, आणि तोरणमाळच्या अक्राणी तालुक्यात तर त्याहूनही जास्त. जमीन महसूल संहितेच्या ३६अ कलमानुसार त्यांची जमीन बिगर आदिवासीला विकत तर सोडाच, भाड्यानंही परस्पर घेता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, विक्रीसाठी त्याआधी राज्य सरकारची मान्यताही. २००६च्या वनहक्क कायद्यानं मिळालेली जमीन वारसाकडे जाते, पण विकताच येत नाही.

भाच्याकडे उत्तर तयार होतं. "मामा, तुमचा तो विद्यार्थी आहे ना वर? त्याच्या नावावर करू. वर्षाला दहा हजार देऊ त्याला नुसत्या सहीचे."

यालाच बेनामी म्हणतात. २०१६च्या दुरुस्तीनंतर त्याला मालमत्ता जप्ती आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे. पण मला कायद्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. माझ्याआधीच भाच्यानं त्या विद्यार्थ्याला फोन केला होता. तो मला विचारायला शहाद्याला आला, येताना पिशवीभर आमचूर घेऊन. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगाल तिथं अंगठा देतो." सही सुरेख करतो हो, मीच गिरवून घेतलेली. अंगठा हा त्याच्या आज्याचा शब्द.

त्या शब्दानं मी पन्नास वर्षं मागं गेलो. १९७२च्या सुमारास नुकताच बीए होऊन नोकरीला लागलो होतो. तेव्हा शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या मोर्च्यांनी रस्ते भरत. मागणी काय, तर कर्जापायी आणि अंगठ्यापायी गेलेल्या जमिनी परत द्या. महाराज १९७४च्या सुरुवातीला गेले. त्याच वर्षी जमिनी परत करण्याचा आणि पुढची विक्री रोखण्याचा कायदा झाला. त्या मोर्च्यांत आम्ही गुरुजी मंडळी नव्हतो, नोकरी सांभाळत कडेला उभे होतो. आता सत्तरी ओलांडल्यावर माझ्याच शब्दावर एक जमीन हलणार होती!

भाच्याला नाही म्हणून सांगितलं. तो चिडला. "मग तिथं विकास व्हायचा कसा? पैसा बाहेरूनच येणार ना?" प्रश्न खोटा नाही. त्या विद्यार्थ्याच्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत, बायकोच्या हातची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्लेला माणूस पुन्हा येईल. अडलंय ते संडास-बाथरूमला. मालक स्वतः राहतो त्या घरासाठी पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, पण अर्ज मराठीत असला तरी तो भरताना माझाही घाम निघाला. तेव्हा पैसा बाहेरून यावा, जरूर यावा, उसनवार म्हणून किंवा भाडं म्हणून. सातबारा मात्र जिथं आहे तिथंच राहू द्यावा, एवढंच माझं म्हणणं. माझ्या पेन्शनीतून बाथरूमपुरते दिलेत. त्यानं वहीत तारीख टाकून लिहून घेतले, मला दाखवले, मग जेवायला बसला.

ताई मात्र रागावली आहे. पोराचं चांगलं होताना मामा आडवा आला म्हणते. भाच्याला कळवलंय, दिवाळीनंतर ये, त्याच्याच घरी दोन दिवस भाडं देऊन राहू. अजून उत्तर नाही.